माळ काढली तरी मान वाजत होती

काविळीची माळ कशी असते ते आधी सांगतो. कसल्याशा झुडपाच्या ओल्या काड्यांचे पेरभर तुकडे करतात, कच्च्या दोऱ्यात एकेक तुकडा गुंतवत नेतात, त्याचं कडं करतात अन् रोग्याच्या डोक्यावर टोपीसारखं ठेवतात. दिवसागणिक ते कडं मोठं होत जातं. डोक्यावरून गळ्यात उतरतं, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. माळ पायातून निघाली की कावीळ निघाली, अशी आमच्याकडची समजूत. अन् माळ खरोखरच वाढते, यात खोटं काही नाही. मी या डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्या वाढण्याशी माझं भांडण नव्हतंच.

माझी बायको पिवळी पडली तेव्हा माझा साळा वडनेरहून अशी माळ घेऊन आला. साळा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मन चांगलं, डोकं वापरायची सवय नाही. बहिणीच्या डोक्यावर माळ ठेवून तो मला म्हणाला, "भाऊजी, आता आठ दिवस तेल नाई, तिखट नाई, अन् इंग्रजी गोळी त मुळीच नाई."

मी म्हटलं, "अजून एक माळ आन."

त्याला वाटलं माझी श्रद्धा बसली. दुसऱ्या दिवशी धावतपळत दुसरी घेऊन आला. ती मी भिंतीतल्या खुंटीला टांगली, जिथं माझी टोपी असते. चार दिवसांत बायकोची माळ छातीवर आली अन् खुंटीची माळही तेवढीच खाली लोंबायला लागली. साळा आला तेव्हा मी त्याला हात धरून खुंटीपाशी नेलं.

"पाह्य. खुंटीलेई कावीळ झालती. उतरून राह्यली."

"भाऊजी, तुमाले देवाच्या घरी जागा भेटनार नाई."

"वडनेरात त भेटन ना? तुह्या माळवाल्याच्या बाजूले."

बायको तेव्हा बाजेवर बसून तोंडाला पदर लावून हसली. डोळे हळदीसारखे झालेले, पण हसली. हे मला चांगलं आठवतं.

काडी ओली असते, वाळली की बारीक होते, दोरा सैल पडतो, माळ लांबते. एवढीच त्यातली जादू. हे कळायला फार शिकावं लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. पण चाळीस वर्षं हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पाहायचं काम केलं. माल घेऊन गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर ओढायचा, दाबायचा अन् सोडायचा. कोरडा कापूस सोडला की फुलतो, ओला बसून राहतो. शंका आली तर सरकी दाताखाली धरायची. कडकन फुटली तर कोरडा, नुसती दबली तर पाणी मारलेलं. मालात पत्ती असली, म्हणजे वाळल्या पानाचा चुरा, तर मुठीत बारीक कुरकुर होते. कानाला नाही, बोटांना ऐकू येते. अन् माल आणणारा प्रत्येक माणूस गळ्याला चिमटा घेऊन सांगतो, बापू, कोरडा हाये. डोळ्यांत डोळे घालून सांगतो. मी एक शिकलो, माणसाचं तोंड पाहायचं नाही, माल दाबून पाहायचा.

घरात मात्र हे शहाणपण मी वापरलं नाही. माळ छातीवर आली म्हणून बायकोने ठरवलं की आपली अर्धी कावीळ गेली. म्हणून तिने काय केलं, तर कुरड्यांसाठी चार किलो गहू भिजत घातले. कुरड्यांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. पाचवा दिवस झाला की ते आंबून जातात अन् गल्लीत वास सुटतो. मी म्हटलं, बरं वाटू दे मग कर. ती म्हणाली, ऊन काय माह्यासाठी थांबून राह्यन काय.

गहू भिजले त्याच दुपारी तिच्या पोटात कळ आली अन् अंगात हीव भरलं. शेजारणीच्या ताब्यात गव्हाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, देऊन, तिला तीन वेळा पाणी बदलण्याची रीत समजावून, मग बाईसाहेब दवाखान्यात यायला गाडीत बसल्या. गळ्यात माळ होतीच.

मोठ्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला अन् तिला समोर बसवलं, कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. हे काळीज, म्हणजे लिव्हर. यातून पित्त येतं, ही त्याची नळी. नळी इथे आतड्यात उघडते, बारीक तोंडाने. तिच्यात खडा अडकला आहे, म्हणून पित्त मागे तुंबलं अन् अंगावर चढलं. आता तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊ, नळीचं तोंड जरासं कापून मोठं करू, अन् बारीक जाळीत खडा पकडून ओढून घेऊ. पोटावर टाका नाही.

मी विचारलं, "आमच्या जिनात कापूस ओढायचा पाइप चोंदते. नवा मानूस असला की बांबूनं ठोसते अन् पत्रा फाडते. तुमी ठोसत नाई ना?"

डॉक्टर हसले. "नाही काका. आधी एक मऊ तार जाते. ती नीट गेली की तिच्यामागून बाकीचं. जोर लावायचा नाही, हाच पहिला नियम."

"तरी फाटू शकते?"

आता ते हसले नाहीत. "फाटू शकतं. फार कमी वेळा होतं, पण होतं. आतडं पातळ असतं. तोंड कापताना भोक पडू शकतं."

"पडलं त?"

"लवकर कळलं तर बहुतेकदा पोट न कापता निभावतं. उशिरा कळलं तर जिवावर येतं. म्हणून एक गोष्ट नीट ऐका. नंतर पोटात दुखलं, पाठीत दुखलं, ताप आला, पोट फुगलं, काहीही वेगळं वाटलं, तर त्याच मिनिटाला सांगायचं. लपवायचं नाही. अन् आम्ही सांगेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही."

चाळीस वर्षं घासाघीस केलेला माणूस मी. सवयीने बोलून गेलो, "भोकाचं काही कमी-जास्त होत नसन काय, साहेब?"

"काका, यात भाव होत नाही."

मी सही केली. मग त्यांनी बायकोला विचारलं, आजी, तुम्हाला काही विचारायचं आहे? तिने पदर सावरला अन् विचारलं, "उद्या सुट्टी होईन काय?"

आत नेण्याआधी सिस्टरने तिच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं. बांगड्या, जोडवी, काळी पोत. माळ काढायला ती तयार होईना.

"ही काय भानगड आहे?" सिस्टरने विचारलं.

"काविळीची माळ हाये," बायको म्हणाली. "छातीपर्यंत आली."

"फोटोत येईल ती. काढा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ. खुंटीची चालू हाये घरी." तिने मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, अन् माळ काढली. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सिस्टरने माझ्या हातात दिलं. पिशवी इतकी हलकी होती की मी दोन वेळा उघडून पाहिली.

तास-सव्वातासाने डॉक्टर बाहेर आले. एका बाटलीत तुरीच्या दाण्याएवढे दोन खडे दाखवले, काळपट तपकिरी. म्हणाले, "निघाले. खडा जरा मोठा होता, कापही थोडा जास्त घ्यावा लागला. आज नीट लक्ष ठेवू. तुम्हीही ठेवा."

ती वॉर्डात आली तेव्हा गुंगीत होती. उतरली तेव्हा पहिला प्रश्न केला, "तिनं पानी बदललं काय?"

मी शेजारणीला फोन लावला. पाणी बदललं होतं. बायकोने डोळे मिटले.

"दुखते काय कुठं?" मी विचारलं.

"नाई."

सिस्टर आली, तिनेही विचारलं. "नाई व माय, मस्त वाटून राह्यलं." सिस्टरने लिहून घेतलं.

बारा वाजता साळा आला. हातात उसाच्या रसाची बाटली. काविळीला रस द्यायचा, हे त्याच्या खानदानात कोरलेलं आहे. मी म्हटलं, थेंब नाई द्यायचा. तो म्हणाला, भाऊजी, रस काय पानी होय काय, रस त औषध हाये. बायकोही कोरडे ओठ चाटत बाटलीकडे पाहत होती. वाद वाढायला लागला, शेजारचे पेशंट मान वळवून ऐकायला लागले, तेव्हा मी बाटली हिसकली, तोंडाला लावली अन् अर्धी संपवली. उरलेली त्याच्या हातात दिली.

"घे. तुहीई कावीळ जाईन."

तो प्यायला. पण हटला नाही. "मंग माळ तरी घाला तिच्या गळ्यात. अर्ध्यावर काढलेली माळ उलटते."

"खडे निघाले, दादा. दोन. बाटलीत हाये. आता माळ काय उतरवनार?"

"घाला ना," बायको बारीक आवाजात म्हणाली. "त्याचं मन राह्यते. अन् माही पोतई द्या. गळा भुंडा वाटून राह्यला."

मी पिशवी उघडली. आधी माळ घातली, मग पोत. पोतीची गाठ मानेमागे बांधायची होती, म्हणून तिची मान एका हाताने धरली. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात तिची मान अशी भरउजेडात, दहा लोकांसमोर मी कधी धरली नसेल. अन् माझ्या बोटांना ऐकू आलं.

कुरकुर.

मी म्हटलं, "वा साळेबुवा. तुही माळ त चुरा झाली. पत्तीचा माल देल्ला माळवाल्यानं."

"काई बोलता. कालच त पाह्यली, चांगली होती."

"मंग हे काय?" मी माळ तिच्या डोक्यावरून काढली अन् त्याच्या नाकासमोर धरली. त्याने एकेक काडी पाहिली. मीही पाहिली. काड्या साबूत होत्या. एकही तुटली नव्हती.

माळ त्याच्या हातात होती. माझी बोटं पुन्हा तिच्या मानेवर गेली, पोत सरळ करायला. कुरकुर झाली. गळ्याच्या हाडावरच्या खळगीत दोन बोटं ठेवून दाबलं. पुन्हा. दुसऱ्या बाजूला दाबलं. तिथेही. कातडीखाली काहीतरी फुटत होतं अन् बोटाखालून सरकत होतं, जशी मुठीतल्या कापसात वाळली पत्ती. माणसाच्या मानेत पत्ती कुठून येणार?

"गुदगुल्या काऊन करून राह्यले?" ती म्हणाली.

"दुखते काय?"

"नाई."

"पोटात?"

"नाई म्हनलं ना."

"पाठीत?"

"तुमी पोलिस होय काय?"

हे ती माझ्याकडे न पाहता, छताकडे पाहून बोलली. मी चादर बाजूला केली. तिचा डावा हात पलंगाची लोखंडी पट्टी धरून होता. बोटं पांढरी पडलेली. मी ती एकेक करून सोडवली तर तळहात घामाने भिजलेला. बापू, कोरडा हाये. मी हे तोंड हजार वेळा पाहिलेलं होतं, फक्त घरात पाहिलं नव्हतं.

मी सिस्टरकडे गेलो. म्हटलं, "सिस्टर, माह्या बायकोची मान वाजून राह्यली."

"घसा बसला असेल बाबा. नळी गेली होती ना घशातून."

"घसा नाई. कातडीखाली वाजते. पत्तीच्या मालावानी."

तिला पत्ती कळली नाही, पण ती आली. दोन बोटं तिने तिथेच ठेवली जिथे मी ठेवली होती. दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं अन् वळली. धावली नाही, पण तिची चाल बदलली. पाच मिनिटांत डॉक्टर आले. त्यांनीही दाबलं. पोट दाबलं, पाठीवर हात फिरवला.

"आजी, खरं सांगा. दुखतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"सांग," मी म्हटलं. "मरू दे ते गहू."

"पाठीत," ती म्हणाली. "आरपार. जाग आली तवापासून."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आतड्याला मागच्या बाजूने भोक पडलं असावं. दुर्बिणीसोबत आत गेलेली हवा त्यातून निघाली, पाठीच्या अंगाने वर चढली अन् मानेत कातडीखाली येऊन बसली. तीच वाजते आहे. "पाणी दिलं होतं का?"

"नाई. रस आनला होता. तो मी पेलो."

"चांगलं केलंत."

त्यांनी तिला फोटो काढायला नेलं, मोठ्या मशीनमध्ये. भोक होतं. लहान होतं. मग पुन्हा दुर्बिणीच्या खोलीत नेलं. ते म्हणाले, पित्ताच्या नळीत आतून एक आवरण असलेली नळी बसवतो, ती त्या जागेवर आतून दाबून बसेल, पित्त तिच्यातून जाईल, भोकातून बाहेर सांडणार नाही. जमलं तर पोट कापायचं काम नाही. नाही जमलं तर पोटाच्या सर्जन तयार आहेत. पुन्हा एका कागदावर सही केली. या वेळी मी भाव केला नाही.

बाहेर बाकड्यावर मी अन् साळा. तो माळ हातात घेऊन बसला होता.

"मी म्हनलं होतं," तो म्हणाला. "अर्ध्यावर काढू नये म्हनून."

मी त्याच्या कानाखाली वाजवणार होतो. हात उचलला होता. पण त्याने माळेचे मणी मोजावेत तशा काड्या मोजायला सुरुवात केली होती, अन् मोजता मोजता चुकत होता, परत पहिलीपासून सुरू करत होता.

"भाऊजी, मले एकच बहीन हाये."

"मलेई एकच बायको हाये."

आम्हाला लेकरू नाही. म्हणजे त्या बाकड्यावर बसायला जगात आम्ही दोघंच होतो. मग तो म्हणाला, "तुमी मान धरली नसती त?"

"तू माळ घालाले लावली नसती त मी मान धरली असती काय?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने माळ मोजायची थांबवली अन् माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या माळवाल्याला सरकारने पदवी दिली. ही कबुली मी त्या बाकड्यावर एकदा दिली. नंतर त्याने गावभर सांगितली तरी मी दुसऱ्यांदा दिली नाही.

नळी बसली. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले, म्हणाले, बसली आहे. पण दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. पोट मऊ राहिलं तर जिंकलो. पोट कडक झालं तर कापावं लागेल, अन् या वयात ते सोपं नाही.

तिच्या नाकातून नळी पोटात, हातात सलाईन, तोंडाला काही नाही. पोटाच्या सर्जन एक बाई होत्या. दिवसातून तीन वेळा यायच्या अन् पोट दाबायच्या. मी त्यांचा हात पाहत बसायचो. हात पक्का होता. आधी दुखऱ्या जागेपासून लांब दाबायच्या, मग हळूहळू जवळ. दाबायचं, थांबायचं, अन् एकदम सोडायचं. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, दाबताना त्या पोटाकडे पाहतच नसत. तिच्या चेहऱ्याकडे पाहत. दुखते काय, हे तोंडाने विचारतच नसत.

मी म्हटलं, "बाई, तुमी जिनात असत्या त माही नोकरी गेली असती."

त्या म्हणाल्या, "मान तुम्ही पकडली म्हणे. मग तुम्ही इथे असता तर माझी."

बायकोला हे बोलणं आवडलं नाही. नाकातल्या नळीमुळे आवाज गेंगाणा झाला होता, त्या आवाजात म्हणाली, "मी काय कापूस होय काय, जो येते तो दाबून राह्यला?"

त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं की ही जगेल.

गव्हाचा चौथा दिवस म्हणजे तिचा नळीचा दुसरा दिवस होता. सकाळपासून तिने डोकं खाल्लं. शेवटी मी शेजारणीला फोन लावला अन् स्पीकर चालू केला.

"काकू, वाटले गहू," शेजारीण म्हणाली. "चीक निवळून राह्यला. तब्येत कशी हाये?"

"तब्येत जाऊ दे. मीठ मापानं टाकजो. अन् चीक शिजला का नाई ते पाह्यल्याशिवाय सोऱ्यात भरू नको. कच्चा राह्यला त कुरडी फुलत नाई."

"बरं काकू."

"अन् गच्चीवर धोतर आथरजो, प्लास्टिक नको. धोतर यांच्या पेटीत हाये, खालून दुसरं."

सिस्टरने येऊन फोन काढून घेतला. म्हणाली, बाई, पोटाला आराम सांगितला आहे. बायको म्हणाली, पोटानं कुठं बोलून राह्यली मी.

सिस्टर गेल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

"दुखते म्हनलं असतं त सुट्टी देल्ली असती काय?"

"अन् मेली असती त?"

तिने थोडा विचार केला. "त गहू कोन वाटले असते? तुमी?"

मी तिची चादर सारखी केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्जन बाईंनी पोट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, अन् पहिल्यांदा पोटाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मऊ आहे. ताप नाही. आता नाही कापावं लागत." मी बाहेर गेलो अन् साळ्याला सांगितलं. तो उठला. मग आत आला अन् हातातली माळ त्याने सलाईनच्या दांडीला अडकवली. मी ती काढली नाही. आठव्या दिवशी तोंडाने पाणी दिलं, मग ताक, मग वरणभात, तोपर्यंत ती माळ दांडीवरून खाली लोंबत गुडघ्याएवढी आली होती. सिस्टरने विचारलं, हे काय पुन्हा. मी म्हटलं, "दांडीले कावीळ झालती, सिस्टर. उतरली बिचारीची."

मानेतली हवा चार-पाच दिवसांत आपोआप जिरली. ती बसवलेली नळी काही आठवड्यांनी काढली, पुढे खडे जिथे होतात ती पित्ताची पिशवीही काढली. त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते मानेचं. घरी आल्यावर रोज सकाळी चहा झाला की मी तिच्या मानेवर दोन बोटं ठेवायचो, हाडाच्या खळगीत. दाबायचो, सोडायचो अन् सांगायचो, "माल साफ हाये. पत्ती नाई." ती हातावर चापट मारायची. पहिले आठ दिवस मी भीतीने दाबली. मग सवयीने. मग कशासाठी ते मला माहीत आहे, तिलाही माहीत होतं. कधी मी विसरलो तर ती कप ठेवून तशीच बसून राहायची. "आज माल न पाह्यताच गाडी परत धाडता काय?" म्हणायची. असं तीन वर्षं चाललं.

खोटं बोलणं मात्र तिने सोडलं नाही. गुडघा दुखला तर नाई, चक्कर आली तर नाई. मागच्या हिवाळ्यात दुपारी ओट्यावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. सोलता सोलता थांबली. मी विचारलं, काय होते? म्हणाली, काई नाई, जरा टेकते. भिंतीला टेकली. शेंगा मांडीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या सकाळीही मी मान दाबली होती. माल साफ होता. तिथे काही नव्हतंच, जे होतं ते हाताला लागण्यासारखं नव्हतं. मी हा हिशोब रोज करतो अन् रोज तिथेच येऊन अडकतो. चाळीस वर्षं माल पाहिला अन् घरचा माल दुसऱ्या वेळी ओळखता आला नाही. लोक म्हणतात, बापू, तुमचं काय चुकलं. लोकांना काय कळतं.

खुंटीवरची माळ अजून आहे. वाढायची थांबली. जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. तिच्याखाली माझी टोपी.

साळा महिन्यातून एकदा वडनेरहून येतो. डबा आणतो, घर झाडतो, माझ्या शिव्या खातो. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने केलेल्या कुरड्यांचा डबा अजून फळीवर आहे, अर्धा भरलेला. मी त्याला हात लावत नाही. तो लावतो. परवा आला तेव्हा मी बाजेवर पडून होतो.

"भाऊजी, जेवले काय?"

"हो."

"झोप येते काय?"

"येते ना. मस्त येते."

तो जवळ येऊन बसला. त्याने माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली, हाडाच्या खळगीत, बरोबर तिथेच. दाबलं. सोडलं. अन् माझ्या मानेकडे नाही, तोंडाकडे पाहिलं.

"ओला हाये माल," तो म्हणाला.

मग उठला, तेल तापत ठेवलं अन् फळीवरचा डबा काढला. दोन कुरड्या तळल्या. चांगल्या फुलल्या. एक त्याने खाल्ली, एक मी.